तिकडी उघडायच्या आधी

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे समजू शकतं. पण ज्याचं तोंड जन्मात कधी पोळलं नाही, त्यानं साधं पाणीही फुंकून प्यावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. ग्रंथालयाच्या तळघरातले बाइंडर असे होते. काहीही विचारा, पहिला शब्द ठरलेला, "थांबा." चहा घेणार? "थांबा, बघू." पंखा लावू? "थांबा." एकदा छतातून पाणी गळायला लागलं. वॉचमन धापा टाकत खाली आला आणि म्हणाला, पुस्तकं हलवा. बाइंडर म्हणाले, "थांबा," आणि मिनिटाला किती थेंब पडतात ते घड्याळ लावून मोजत उभे राहिले. अठ्ठावीस पडत होते. पुस्तकं भिजायची ती भिजलीच, आकडा मात्र बरोबर निघाला. त्या दिवसापासून त्यांना सगळे थांबाराव म्हणायला लागले, आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. घ्यायची होती म्हणे, पण अजून विचार चालू होता.

वय एकोणपन्नास, लग्न झालेलं नाही. बावीस वर्षं त्याच तळघरात. लांबलचक टेबल, लोखंडी चाकाचा प्रेस, पातेलंभर खळ, पुठ्ठ्यांची चळत आणि छताजवळ एक आडवी खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. थांबाराव पाठ मोडलेली पुस्तकं सोडवायचे, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, वेगळे करायचे, पुन्हा शिवायचे. हात असा की शिवलेलं पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं तर आडवं पडून राहील, मिटणार नाही. कामात माणूस सोन्यासारखा, हे कबूल केलंच पाहिजे. बाकी सगळा आनंद होता.

शुक्रवारी ग्रंथालय सहाला बंद व्हायचं आणि तळघरात पत्ते सुरू व्हायचे. चौघं असत. थांबाराव, वॉचमन, सगळ्या पुस्तकांची नोंद ठेवणारे सूचीवाले आणि वरच्या मजल्यावर कॉपी मशीन चालवणाऱ्या झेरॉक्सबाई. खेळ पोकरचा. प्रत्येकाला दोन पानं, ती आपली आपण बघायची. मग मध्ये पाच पानं उघडायची, आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याचं जास्त जुळेल तो जिंकला. पहिल्या तीन पानांना हे लोक तिकडी म्हणायचे. पैशाला शिवायचं नाही असा नियम होता. थांबारावांनी उरलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या पाडून त्यांना बांधणीचं कापड चिकटवलं होतं, प्रत्येकाला चाळीस.

पत्त्यांचा संच अकरा वर्षं जुना. कडा झिजल्या की थांबाराव तो कटिंग मशीनखाली घालायचे आणि चारी बाजूंनी सूतभर उडवायचे, पुस्तकाच्या उडवतात तशा. बाइंडरला फाटकी कड बघवत नाही, त्याला इलाज नाही. पण अकरा वर्षांत पत्ते बसच्या तिकिटाएवढे झाले होते. कोपऱ्यातले आकडे केव्हाच गेले. सत्ती की अठ्ठी हे ठिपके मोजून ठरवायचं. राजाचा मुकुट उडाला होता, तो मिशांवरून ओळखायचा. सूचीवाल्यांनी एकदा नवा संच आणला, तर थांबाराव म्हणाले, "थांबा, यात अजून जीव आहे."

आता या माणसाचं वेड ऐका. पोकरमध्ये तिकडी उघडायच्या आधीच आपल्याकडचं सगळं पुढे लोटता येतं. मधलं एकही पान माहीत नसताना, फक्त हातातल्या दोन पानांवर. मग मागे फिरणं नाही. असं केलं तर जिंकायची शक्यता किती, हे शोधून काढायचं थांबारावांनी मनावर घेतलं. पुस्तकांत आयते आकडे मिळतात असं सूचीवाल्यांनी सांगून पाहिलं. थांबारावांना दुसऱ्याचा आकडा चालत नव्हता. रोज रात्रीचं जेवण झालं की ते मोठ्या बहिणीला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "ताई, मी एक्क्यांची जोडी. तू कुणीही."

कुणीही म्हणजे कुठलीही दोन पानं. ताई बिचारी मटार सोलता सोलता पानं उचलायची. रोज पंधरा डाव, नऊ वर्षं. पन्नास हजारांच्या घरात डाव झाले आणि ताई नऊ वर्षं कुणीही राहिली.

"मी तुझी सख्खी बहीण," ती एकदा वैतागून म्हणाली, "आणि मला रोज कुणीही म्हणतोस. एकदा तरी मला एक्के दे."

"थांब, ताई. दुर्रीचं प्रकरण संपू दे."

या सगळ्याचं एक पुस्तक झालं. कातडी पाठ, वर सोनेरी अक्षरं. त्यात सगळं होतं. एक्क्यांची जोडी कुणाहीविरुद्ध शंभरातून पंच्याऐंशी वेळा जिंकते. एक्का-राजा आणि समोर दुर्रीची क्षुल्लक जोडी, तर जवळजवळ निम्मं-निम्मं, उलट दुर्रीच जरा पुढे, आणि हे थांबारावांना इतकं लागलं होतं की ते दोन दिवस जेवले नव्हते. सगळ्यात भिकार हात सत्ती-दुर्री, वेगवेगळ्या रंगांची. तोही शंभरातून पस्तीस वेळा जिंकतो. त्या पस्तिसावर ताईचा विश्वास बसेना, तेव्हा सहा महिने फक्त सत्ती-दुर्रीच खेळले.

एवढं करून या गृहस्थांनी अकरा वर्षांत एकदाही सगळं पुढे लोटलं नाही. एकदाही नाही. एक्क्यांची जोडी हातात सदतीस वेळा आली आणि सदतीस वेळा त्यांनी एक चकती पुढे सरकवली. वॉचमन कपाळावर हात मारून घ्यायचा. थांबाराव म्हणायचे, "शंभरातले पंधरा म्हणजे सहा-सात डावांत एक. थोडे आहेत का?"

झेरॉक्सबाईंचा प्रकार नेमका उलटा. पानं वाटली की त्या ती उचलायच्यासुद्धा नाहीत. उपडी ठेवून द्यायच्या, दोन्ही हातांनी चकत्या लोटायच्या आणि म्हणायच्या, "सगळं." दर शुक्रवारी दोन-तीनदा तरी. हरल्या की हसायच्या, जिंकल्या की त्याहून जास्त हसायच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. सेहेचाळीसच्या बाई, बोलणं तोंडावर, चालणं भरभर.

थांबारावांचं त्यांच्यावर प्रेम होतं. हे मी सरळ सांगून टाकतो, कारण ते स्वतः सांगतील याची वाट बघत बसलो तर तुम्ही-आम्ही म्हातारे होऊ. सहा वर्षं प्रेम होतं आणि ते त्यांनी कसं दाखवलं बघा. पुस्तकातलं पान गहाळ असलं की बाइंडर वर चिठ्ठी पाठवतो, अमुक पुस्तक, पान अमुक. बाई दुसऱ्या प्रतीवरून कॉपी काढायच्या आणि स्वतः खाली आणून द्यायच्या. दोन मिनिटं स्टुलावर टेकायच्या. तर थांबाराव गहाळ नसलेल्या पानांच्याही चिठ्ठ्या पाठवायला लागले. आता आलेलं पान फेकवत नाही, फेकणार कसा, बाइंडर आहे. मग तेही शिवून टाकायचं. होता होता ग्रंथालयातल्या तीनशे-साडेतीनशे पुस्तकांत एकेक पान दोनदा आलं. एका कादंबरीत सासरा दोनदा मेला. वाचकांच्या तक्रारी आल्या, एका आजोबांनी तर लेखकाच्या धाडसाचं कौतुक करणारं पत्र पाठवलं. बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण बाईमाणसानं किती बोलायचं आधी? त्या पान द्यायच्या, स्टुलावर बसायच्या, वाट बघायच्या आणि वर जायच्या.

ताई म्हणायची, "बोलणाऱ्याची माती विकते बाबा, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. विचार तिला."

"थांब, ताई. ती हो म्हणायची शक्यता किती, ते कळल्याशिवाय कसं विचारणार?"

"आणि ते कसं कळणार?"

"तोच प्रश्न आहे."

असं चाललं होतं, आणि मग तो शुक्रवार आला. बाई त्या दिवशी हसत नव्हत्या. पानं वाटायच्या आधी त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मुलगा कायमचं बोलावतोय. खोली तयार ठेवलीय, पडदेसुद्धा लावलेत. सात वाजता त्याला काय ते सांगायचंय."

"मग?" सूचीवाल्यांनी विचारलं.

"पंधरा दिवस झाले, ठरतच नाही. त्याच्याकडे जावंसं वाटतं आणि इथून हलवत नाही. इथं काय ठेवलंय माझं, असंही वाटतं." हे म्हणताना त्यांनी कुणाकडे बघितलं नाही, म्हणजे कुणाकडे ते समजा. "म्हणून मुलाला सकाळी सांगून टाकलं. संध्याकाळी पत्ते आहेत. पहिल्या डावाला मी सगळं लावणार. जिंकले तर येते, हरले तर येत नाही."

"आणि तो काय म्हणाला?" वॉचमननं विचारलं.

"म्हणाला, आई, तुला बरं नाहीये का?"

वॉचमननं पानं वाटली. बाईंनी आपली दोन पानं हातही न लावता तिथंच राहू दिली आणि चाळीसच्या चाळीस चकत्या मध्ये लोटल्या. "सगळं. कुणी पुढे आलं नाही तर मीच जिंकले. म्हणजे जायचं."

सूचीवाल्यांनी आपली पानं बघितली, ठिपके मोजले, खात्रीसाठी पुन्हा मोजले आणि टाकून दिली. वॉचमननं तर बघितलीसुद्धा नाहीत. त्यानं ती थेट टाकली, थांबारावांकडे वळला आणि म्हणाला, "आता तुम्ही."

थांबारावांनी पानं उचलली. तिकिटाएवढं पहिलं पान, मधोमध एकच इस्पिक. दुसरं पान, मधोमध एकच बदाम. एक्क्यांची जोडी. देतो तेव्हा देव छप्पर फाडून देतो म्हणतात, तो हाच प्रकार. समोर बाई, म्हणजे न बघितलेली दोन पानं. कुणीही. पंच्याऐंशी.

"थांबा," थांबाराव म्हणाले.

सगळे थांबले. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. सव्वासहाला वॉचमन उठून वरची दारं लावून आला. साडेसहाला सूचीवाल्यांनी डबा उघडला, खाल्ला, धुऊन आणला. थांबाराव दोन पानं धरून बसले होते आणि खिडकीतून जाणारे पाय बघत होते. पंच्याऐंशी जोड्या गेल्या की मनात म्हणत, एवढे आपले. पुढच्या पंधरा जोड्या जाताना त्यांना घाम फुटायचा. बाईंनाही घाम आला होता, फक्त त्यांनी तो पुसला.

पावणेसातला थांबारावांनी चकत्यांवर दोन्ही हात ठेवले. चाळीस चकत्या मध्ये लोटल्या आणि म्हणाले, "सगळं."

वॉचमन उभाच राहिला. सूचीवाल्यांनी वहीत तारीख लिहून घेतली.

नियमाप्रमाणे दोघांनी पानं उलटली. थांबारावांचे एक्के बघून वॉचमननं सुस्कारा सोडला. बाईंची पानं निघाली सत्ती आणि दुर्री, एक किलवर, एक चौकट. जगातला सगळ्यात भिकार हात.

"अठ्ठ्याऐंशी झाले," थांबाराव पुटपुटले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. हसू नवखं होतं, नीट बसत नव्हतं, पण होतं.

वॉचमननं तिकडी उघडली. मिशा होत्या, म्हणजे राजा. मग ठिपके मोजले, नव्वी. मग सत्ती. बाईंची सत्तीची जोडी झाली.

"जोडी लहान आहे," सूचीवाले म्हणाले. "एक्के पुढे."

"ऐंशीच्या आसपास," थांबाराव म्हणाले.

चौथं पान उघडलं. दोन ठिपके. दुर्री. बाईंच्या दोन जोड्या झाल्या आणि एक्के मागे पडले. थांबारावांचं हसू उतरलं. "अठरा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की कुणाला ऐकू आला नाही.

पाचवं पान वॉचमननं हळूहळू उलटलं, जणू हळू उलटलं तर पान बदलेल. चार ठिपके. चव्वी. चव्वीचा कुणाला काही उपयोग नव्हता.

"बाई जिंकल्या," वॉचमन म्हणाला.

बाईंनी ढीग आपल्याकडे ओढून घेतला, ऐंशी चकत्या. त्या हसल्या नाहीत. "चला. म्हणजे जायचं," म्हणाल्या, आणि मोबाइल उचलला.

"थांबा," थांबाराव म्हणाले.

"आता कशाला?" सूचीवाले म्हणाले. "पाचही पानं उघडली. आता मोजायला काय उरलंय?"

"तसं नाही. थांबा."

"घ्या वेळ," बाई म्हणाल्या आणि मोबाइल खाली ठेवला. "सातला पाच कमी आहेत."

"वेळ नको. बाई, थांबा."

"अहो, थांबल्यात ना त्या," वॉचमन म्हणाला.

बघा काय अवस्था. माणसाला आयुष्यात एकदाच तो शब्द मनापासून वापरायचा होता, आणि नेमका तोच त्यानं पंख्याला, चहाला, गळणाऱ्या छताला वापरून चिंधी करून ठेवला होता. थांबाराव तोंड उघडायचे आणि दुसरा शब्दच सापडायचा नाही. खिडकीतून पाय जात होते. त्यांनी एकही मोजला नाही.

"जाऊ नका," ते म्हणाले.

"कोण?" सूचीवाल्यांनी विचारलं.

"बाई. बाई, जाऊ नका. मला तुम्ही हव्या आहात. इथं नाही, म्हणजे इथंही, पण घरी. लग्न करा माझ्याशी. घर लहान आहे. ताई तऱ्हेवाईक आहे, तिला मीच तसं केलंय. मी कसा आहे ते तुम्ही बघताच. मुलाकडे तुम्हाला सुख लागेल, तो चांगला आहे, पडदे लावलेत त्यानं. तरी जाऊ नका." आणि एवढं बोलून ते रडायला लागले. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, हाताला खळ लागलेली, ती गालाला लागली.

सूचीवाल्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी सवयीनं विचारलं, "किती टक्के वाटतात?"

"माहीत नाही हो," थांबाराव म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात मोबाइल वाजला. सात वाजले होते. बाईंनी ऐंशी चकत्यांच्या ढिगावर कोपर टेकलं आणि फोन कानाला लावला.

"हां, बोल रे. हो, झाला डाव." डोळे भरून आले होते, पण आवाज अगदी साधा. "हरले. साफ हरले. अरे, एक चकती उरली नाही माझ्याकडे."

सूचीवाल्यांनी आयुष्यात चुकीची नोंद खपवून घेतली नव्हती. त्यांनी "अहो पण," म्हणायला तोंड उघडलं आणि वॉचमननं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"नाही रे, वाईट कशाला वाटेल," बाई फोनवर सांगत होत्या. "पडदे राहू देत, सुट्टीला येईनच की. कोण जिंकलं? आहेत इथले एक बाइंडर."